संमतीचा कागद आणि डॉक्टरांचे कर्तव्य

डॉक्टर मंडळींची एक तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. समाज आपणांस पूर्वीसारखा मान देत नाही, रोगी मनात संशय धरूनच दवाखान्याची पायरी चढतो, रोगी दगावला की नातेवाईक इस्पितळाच्या काचा फोडतात, आणि एवढ्यातून निभावलेच तर ग्राहक न्यायालयाची नोटीस येते, असे त्यांचे म्हणणे असते. ही तक्रार निराधार नाही. डॉक्टरांवरील हल्ले व इस्पितळांची मोडतोड यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून दुखणे किती खोलवर गेले आहे हे कळून येते. रात्रीच्या पाळीत एकट्याने शंभर रोगी तपासणाऱ्या तरुण डॉक्टरवर हात उगारणे हा रानटीपणा आहे, आणि त्याचा आम्ही निःसंदिग्ध शब्दांत निषेध करतो.

परंतु डॉक्टर व रोगी यांच्यामधील विश्वास का ढळला, याचे उत्तर केवळ रोग्याच्या अडाणीपणात शोधून चालणार नाही. विश्वास ही एकतर्फी वस्तू नव्हे. बीड जिल्ह्यातील गरीब स्त्रीने डॉक्टरवर जेवढा विश्वास टाकला तेवढा क्वचितच कोणी टाकला असेल. डॉक्टरने सांगितले म्हणून तिने आपल्या शरीराचा एक अवयव काढून दिला. त्या विश्वासाचे पुढे काय झाले, याचा हिशेब आज आम्ही मांडणार आहो.

अंबाजोगाई येथे हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याने विचारला गेला पाहिजे. निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी 1974 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ग्रामीण भागासाठी काढलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख अभिमानाने केला जातो. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी याच गावी शिक्षकाचे काम केले आणि पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, त्यांचे नाव या संस्थेस दिलेले आहे. डॉक्टर शहरात घडतो आणि शहरातच राहतो, खेड्यातील माणूस मात्र वाटेत मरतो, ही रीत मोडावी म्हणून महाविद्यालय गावाकडे आणले गेले. केज, धारूर, परळी, वडवणी या बाजूंनी रोगी येथे येतात. तथापि याच परिसरात, याच जिल्ह्यात, हजारो तरुण स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. महाविद्यालय जवळ असूनही हे घडले, ही गोष्ट प्रत्येक विचारी डॉक्टरला अस्वस्थ करणारी आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 2019 च्या एप्रिल महिन्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर आले आणि देशभर गाजले. त्याच वर्षी जून महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, मागील तीन वर्षांत जिल्ह्यातील 99 खाजगी रुग्णालयांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. पुढे विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. 2015-16 सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 या वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सबंध देशात शंभरी 3.2 व महाराष्ट्रात 2.6 इतके होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट अगदी एकच नसतील. तथापि एवढी मोठी तफावत केवळ वयाच्या फरकाने भरून निघणारी नाही. समितीने मोजलेल्या स्त्रियांपैकी कित्येक जणी पस्तिशीच्या आतल्या होत्या.

या स्त्रिया कोण आहेत? भूमिहीन, किंवा कोरडवाहू जमिनीचा तुकडा असलेल्या कुटुंबांतील. बौद्ध, मातंग, वंजारी, लमाण आणि अशाच इतर मागासलेल्या समाजांतील. दसरा झाला की गावे ओस पडू लागतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीस मिळून उचल देतो. या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे व त्यांचे चार हात यांची गणना एका हत्याराच्या नावाने व्हावी, यातच त्यांची सामाजिक किंमत दिसून येते. मग पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात, कारखान्याच्या पट्ट्यात, पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिन्यांचा संसार मांडला जातो. स्त्री पहाटे उठते, स्वयंपाक करते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. तेथे मोरी नाही, संडास नाही, स्वच्छ पाणी नाही. पाळीच्या दिवसांत कपडा बदलण्यास आडोसा नाही. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरला जातो आणि दिवसास पाचशे रुपयांपर्यंत रक्कम उचलीत वाढते. म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो.

अशा जिण्यात अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत अति रक्तस्राव होणे हे आजार जडले नाहीत तरच नवल. पट्टा पडला की ती गावी येते व तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जाते. तेथे सोनोग्राफी होते. तिला सांगण्यात येते की पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झाली आहे, न काढल्यास कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर लहान मुलांच्या आईच्या मनाची काय स्थिती होते हे सांगावयास नको. शस्त्रक्रियेचा खर्च हजारोंच्या घरात जातो, आणि तो पैसा बहुधा मुकादमाकडूनच नव्या उचलीच्या रूपाने येतो. टाके पुरते सुकण्यापूर्वी ती पुन्हा फडात उभी असते. अशा रीतीने एका शस्त्रक्रियेने तिचा अवयव जातो आणि पुढच्या हंगामाची मोकळीकही जाते.

येथे डॉक्टरांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल, कारण आरोपीस ऐकल्यावाचून निकाल देणे हे आमच्या शिकवणीत बसत नाही. ते चार गोष्टी सांगतात. पहिली गोष्ट अशी की, बाई स्वतःच येऊन ‘डॉक्टर, एकदाची पिशवी काढून टाका’ असे म्हणते. आम्ही नकार दिला तर ती शेजारच्या दवाखान्यात जाते. दुसरी अशी की, गोळ्यांचा उपचार महिनोन् महिने चालतो, तो पाहण्यासाठी रोग्याने पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि ही बाई तर सहा महिने परमुलखात असते. तिसरी अशी की, आज आम्ही थांबलो आणि उद्या खरोखरच कॅन्सर निघाला, तर नातेवाईक आम्हांलाच धरतील. आणि चौथी, सर्वांत जोरकस गोष्ट अशी की, तिची लेखी संमती आमच्या दप्तरी आहे.

यांपैकी काही म्हणण्यात तथ्य आहे. गर्भाशय काढणे ही गोष्ट मुळातच पाप नव्हे. कॅन्सर झाला असेल, गाठींमुळे होणारा रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, अंग फार बाहेर आले असेल, बाळंतपणात रक्त थांबेना व जीव जाण्याची वेळ आली असेल, तर ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते. सचोटीने ती करणाऱ्या डॉक्टरांचे आम्ही ऋणी आहो. पण पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचा परिणाम असतो व तो औषधाने बरा होतो. अति रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसविण्याचे औषधी साधन आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची शंका असल्यास साध्या तपासणीने तिची छाननी करता येते. केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून भीती घालण्याचे कारण नाही. उलट तरुण वयात गर्भाशय आणि त्याबरोबर बीजकोशही काढले गेले तर पाळी अकाली बंद होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येण्याचा संभव असतोच. डोक्यावर मोळी वाहून पोट भरणाऱ्या स्त्रीची हाडे तिशीतच झिजू लागली तर तिने पुढे काय करावे? हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यापुढे किती डॉक्टरांनी मांडला?

सहा महिने परमुलखात असणाऱ्या रोग्यावर उपचार कसा करावा ही अडचणही खरी आहे. पण तिचे उत्तर औषध आणि तपासणी फडापर्यंत नेणे हे असू शकते. अवयव काढून टाकणे हे असू शकत नाही. आणि नातेवाईकांची भीती म्हणाल तर, तपासण्या करून, त्या नोंदवून, रोग्यास नीट समजावून जो डॉक्टर थांबतो, त्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो. अपायाची शंका घेऊन कोणी आले तर ती नोंदच त्याची ढाल होते.

आता संमतीच्या कागदाकडे वळू, कारण साऱ्या बचावाचा पाया तोच आहे. या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निर्णय दिलेला आहे, आणि योगायोग असा की तो खटला गर्भाशय काढण्याचाच होता. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन, काढण्यात आले होते. न्यायालयाने ठरविले की सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती ही संमती नव्हे. त्याहून महत्त्वाचे तत्त्व त्याच निर्णयात आहे. संमती खरी ठरावयाची तर ती स्वेच्छेने दिलेली असली पाहिजे, आणि उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, त्यास असलेले पर्याय व उपचार न केल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रोग्यास आधी मिळालेली असली पाहिजे. या कसोटीवर फडातून आलेल्या स्त्रीचा अंगठा उतरतो काय? जिला पर्याय सांगितलेच नाहीत, जिला कॅन्सरची भीती आधी घातली, जिच्या हाती छापील कागद मजकूर वाचून न दाखविता दिला, तिची सही कागदावर असेल, पण कायद्याच्या अर्थाने संमती तेथे नाही.

कोणी म्हणेल, आम्ही सर्व काही समजावून सांगितले, तरीही तिने शस्त्रक्रियाच मागितली. मग तर मुळाशीच जाणे प्राप्त आहे. ती का मागते? पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर उचल फिटत नाही, म्हणून ती मागते. शरीराचा अवयव ठेवणे तिला परवडत नाही, म्हणून ती मागते. अशा मागणीस स्वेच्छा म्हणावयाचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात घटनेच्या 23 व्या कलमाचा अर्थ लावताना सांगितले की, सक्ती ही केवळ दंडुक्याची किंवा कायद्याच्या धाकाचीच असते असे नाही. भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरत नाही, त्याने पत्करलेले कमी मजुरीचे कामही सक्तीचेच होय. हा निर्णय मजुरीविषयी आहे, शस्त्रक्रियेविषयी नाही, हे आम्ही जाणतो. एखाद्या डॉक्टरविरुद्धच्या फिर्यादीत तो जसाच्या तसा लागू पडेल असेही आम्ही म्हणत नाही. तथापि त्यामागील तत्त्व व्यापक आहे. ज्या भुकेने मजुरीचा करार सक्तीचा ठरतो, त्याच भुकेने दिलेली शस्त्रक्रियेची संमती मात्र निखळ स्वेच्छेची कशी ठरेल?

हे तत्त्व न्यायालयाच्याही आधी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडून ठेविले आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 1947 साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विचारले की, बेकार माणसापुढे एका बाजूस नोकरी ठेवली आणि दुसऱ्या बाजूस संघटनेचा, भाषणाचा, विचाराचा हक्क ठेवला, तर तो काय उचलील? उपासमारीची भीती त्याला हक्क सोडावयास लावील, हे उघड आहे. म्हणून ज्याच्या पोटाची शाश्वती नाही त्याचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. बीडची ऊसतोड स्त्री हे त्या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण आहे. फरक इतकाच की, येथे सोडून द्यावा लागलेला हक्क भाषणाचा नसून तिच्या स्वतःच्या देहावरचा आहे.

वैद्यकीय सेवा व आमचा समाज यांच्या संबंधाचा इतिहासही या प्रसंगी आठवावा लागतो. बाबासाहेबांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाच्या पत्राची हकीकत दिली आहे. हे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’ पत्रात छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत येईना. गावच्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला, पण रोग्यास वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. बाळंतिणीस बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोस लावले, आणि ते त्याच मार्गाने परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला व औषध पाठविले. पुढे तो पाहावयास आला नाही. ती स्त्री मरण पावली.

आज कोणताही डॉक्टर थर्मामीटर दुसऱ्याच्या हाती देत नाही. घटनेच्या 17 व्या कलमाने आणि आमच्या चळवळीने तेवढे निश्चित साधले. परंतु त्या काठेवाडी डॉक्टरच्या वागण्यात शिवाशीव हे केवळ बाह्य रूप होते. आतली गोष्ट ही होती की, त्या बाळंतिणीचा जीव त्याच्या लेखी मोलाचा नव्हता. शिवाशीव गेली म्हणून ती आतली गोष्टही गेली असे समजण्याचे कारण नाही. शहरातील सुशिक्षित घरच्या तिशीतील स्त्रीस पांढरे जाण्याची तक्रार असेल, तर तिचे गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणता डॉक्टर पहिल्याच भेटीत देईल? तिच्या बाबतीत तपासण्या होतील, औषधे होतील, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतले जाईल. कोपीत राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र सुरी लवकर चालते. त्या काळी डॉक्टरचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता, आता तो नको तितक्या लवकर पोहोचतो. दोन्ही वेळी तिच्या देहाची किंमत कमीच धरली गेली.

याच्या उलट आमच्या धम्माने रोग्याकडे कसे पाहिले ते पाहा. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे, आणि बाबासाहेबांनी ‘दि बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात, भगवंतांच्या करुणेचे वर्णन करताना, तो मुद्दाम घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्धांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, माझा इतर भिक्खूंना काही उपयोग नाही, म्हणून कोणी करीत नाही. तेव्हा भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, स्वतः त्याच्या अंगावर ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर निजविले. मग संघास बोलावून त्यांनी बजाविले की, येथे तुम्हांस माता नाही, पिता नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा न केली तर कोण करील? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या कथेतील ‘उपयोग नाही’ हा शब्द आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. उपयोगावरून माणसाची किंमत ठरविणे हेच भगवंतांनी नाकारले. ऊसतोडीच्या धंद्यात स्त्रीचे मोल तिच्या उपयोगावरून ठरते, आणि पाळी येणारे शरीर मुकादमास कमी उपयोगाचे वाटते. त्या हिशेबाला डॉक्टरने आपली सुरी देऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. त्याच महावग्गात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करण्याची क्षमता असणे, पथ्य व अपथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न येणे, आणि धम्मवचनाने रोग्यास धीर देणे. अडीच हजार वर्षांपूर्वी लाभाची हाव आणि शुश्रूषा यांमध्ये एवढी स्पष्ट रेघ ओढली गेली होती, हे आजच्या खाजगी इस्पितळांनी जरूर आठवावे.

दोष एकट्या डॉक्टरांचा आहे असे म्हणून आम्ही थांबलो तर तो अन्याय होईल. डॉक्टर हा साखळीतील शेवटचा दुवा आहे. आधीचे दुवे साखर कारखाना, मुकादम आणि शासन हे आहेत. ऊस ज्याच्या गव्हाणीत जातो तो कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी केवळ उचल देतो. शासन समित्या नेमते. केंद्र शासनाने 2022 साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच प्रकारांबाबतच्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश दिला. 2019 च्या गवगव्यानंतर बीड जिल्ह्यातही अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु फडातील जिणे तसेच राहिले, तर परवानगीचा कागद हा संमतीच्या कागदास जोडलेला आणखी एक कागद होऊन बसेल, ही भीती आम्हांस वाटते.

यास्तव आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाळिशीच्या आतील स्त्रीचे गर्भाशय काढण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञाने तिला प्रत्यक्ष तपासून स्वतंत्र मत द्यावे. अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने या कामी पुढाकार घ्यावा, कारण ते त्याच्या स्थापनेच्या हेतूशी जुळणारे आहे. संमतीपत्र सोप्या मराठीत असावे, ते स्त्रीला एकटीला, मुकादम व नवरा बाजूस ठेवून वाचून दाखवावे, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर सही व शस्त्रक्रिया यांमध्ये काही दिवसांचा अवकाश असावा. आजारपण व पाळी यांसाठी खाडा धरणे बेकायदेशीर ठरवावे. कारखान्याने स्वतःस मालक मानून फडावर पाणी, संडास, निवारा व फिरता दवाखाना पुरवावा. गाळपाचा परवाना देताना ही अट घालण्यास शासनास कोणी अडविलेले नाही. आणि ज्या स्त्रियांची गर्भाशये आधीच गेली आहेत, त्यांच्या हाडांची व हृदयाची तपासणी आणि औषधे आयुष्यभर मोफत व्हावीत. त्यांची गणना झाली, पण केवळ गणनेने त्यांचे दुखणे थांबत नाही.

आता दोन शब्द आमच्या स्वतःच्या समाजाशी. हक्क माहीत नसेल तर तो नसल्यासारखाच आहे, म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक विहारात वाचून दाखवाव्यात. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रोग्याने मागणी केल्यास त्याची कागदपत्रे 72 तासांच्या आत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. 2021 साली दुरुस्त झालेल्या महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद इस्पितळात दर्शनी भागी लावावी लागते. पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच ठरविले आहे. मात्र तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या कोणत्याही व्यक्तीस, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. वकिली करणाऱ्या आमच्या बांधवांनी तालुका न्यायालयांत हे काम अंगावर घ्यावे. फीच्या आशेने नव्हे, तर ज्या कायद्याच्या पदवीसाठी बाबासाहेबांनी आम्हांस शिका म्हणून सांगितले, तिचे ऋण म्हणून घ्यावे.

उपासिका संघांनी याहून साधे काम करावे. पट्टा पडल्यावर गावात परतलेल्या प्रत्येक भगिनीकडे जावे, तिची विचारपूस करावी, आणि कोणी पिशवी काढावयास सांगितली असल्यास तिच्यासोबत एकीने सरकारी दवाखान्यात जावे. एकटी स्त्री डॉक्टरला प्रश्न विचारू शकत नाही. दोघी असल्या की, ‘औषधाने बरे होणार नाही काय?’ हा एक प्रश्न तरी विचारला जातो, आणि त्या एका प्रश्नाने एखादीचे गर्भाशय वाचेल.

शेवटी, आमच्या समाजातील ज्या मुलामुलींनी मोठ्या कष्टाने डॉक्टरची पदवी मिळविली आहे, त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. तुमच्यांपैकी कित्येकांच्या आया-आज्यांनी ऊस तोडून, खडी फोडून, मोलमजुरी करून तुमची फी भरली आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेले एक मूल पुढे तक्षशिलेस सात वर्षे वैद्यकी शिकले आणि जीवक या नावाने भगवान बुद्धांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाले, ही हकीकत तुम्हांस ठाऊक आहे. टाकलेल्या मुलानेच वैद्यकीचा मान राखला. तुमच्या टेबलासमोर फडातून आलेली बाई बसेल व ‘पिशवी काढून टाका’ म्हणेल, तेव्हा तिच्या मागणीवर लगेच सही घेऊ नका. तिला विचारा की, बाई, तुला बरे व्हावयाचे आहे की खाडा चुकवावयाचा आहे? ती जे उत्तर देईल त्यावरून औषध कोणास द्यावयाचे हे तुम्हांस कळेल. ते बहुधा तिला एकटीला देऊन भागणार नाही.

डॉक्टरांना समाजाचा गेलेला विश्वास परत हवा असेल, तर तो पोलीस बंदोबस्ताने मिळणार नाही. ज्या रोग्याचा कोणास काही उपयोग नाही, त्याच्या बिछान्याशी डॉक्टर उभा राहिलेला लोकांना दिसला, की तो आपोआप परत येईल.